एक नॅनो ट्रान्झिस्टर जमतो, कोट्यवधी का जमत नाहीत?

कार्बनच्या एक-दोन नॅनोमीटर व्यासाच्या नळीतून ट्रान्झिस्टर तयार करता येतो, हे १९९८ सालीच सिद्ध झाले. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सेस डेकर यांच्या गटाने आणि अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत फेडॉन अव्हूरिस यांच्या गटाने त्या वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे ट्रान्झिस्टर करून दाखवले. पुढच्या तीन वर्षांत या नलिका आणि सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म तारा वापरून साधी तर्कमंडलेही, म्हणजे हो-नाहीच्या संकेतांवर हिशेब करणारी विद्युतमंडले, तयार झाली. एवढ्या वेगाने सुरू झालेले हे काम बाजारातल्या प्रोसेसरपर्यंत मात्र पोहोचलेले नाही. तिथे अजूनही सिलिकॉनचेच राज्य आहे. ‘तंत्रज्ञान अजून परिपक्व झालेले नाही’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण मोघम आहे. एकेकटी नलिका अपेक्षेइतकीच, काही बाबतींत अपेक्षेपेक्षाही सरस निघाली. अडचण सुरू होते ती अशा अब्जावधी नलिका एकसारख्या, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या दिशेने हव्या असतात तेव्हा.

आधी ट्रान्झिस्टरचे काम थोडक्यात पाहू. चिपमधला ट्रान्झिस्टर हा विजेनेच उघडझाप होणारा विजेचा स्विच असतो. त्यात अर्धवाहक पदार्थाचा एक आखूड मार्ग असतो, त्याला चॅनेल म्हणतात. चॅनेलच्या एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्या टोकाला ड्रेन अशी दोन अग्रे जोडलेली असतात, आणि चॅनेलच्या अंगावर, मध्ये विद्युतरोधक थर ठेवून, गेट नावाचे तिसरे अग्र बसवलेले असते. गेटवरचा विद्युतदाब बदलला की चॅनेलमधील विद्युतभार वाहणाऱ्या कणांची संख्या बदलते आणि प्रवाह सुरू किंवा बंद होतो. हे वाहक कण दोन प्रकारचे असतात: इलेक्ट्रॉन आणि विवर, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धनभारित कणासारखी वागते. पहिल्या प्रकारावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला एन आणि दुसऱ्यावर चालणाऱ्याला पी म्हणतात. कमी विजेवर चालणाऱ्या आजच्या मंडलांना दोन्ही प्रकार लागतात.

ट्रान्झिस्टर जितका लहान तितका तो वेगवान आणि तितके अधिक ट्रान्झिस्टर एका चिपवर मावतात, म्हणून गेली अनेक दशके चॅनेलची लांबी कमी होत गेली. पण चॅनेल आखूड झाला की ड्रेन सोर्सच्या फार जवळ येतो आणि त्याचे विद्युतक्षेत्र गेटच्या कामात ढवळाढवळ करू लागते. गेटने बंद म्हटले तरी थोडा प्रवाह गळत राहतो. यावर उपाय म्हणजे चॅनेल पातळ करणे, कारण चॅनेल जितका पातळ तितकी त्याच्या प्रत्येक भागावर गेटची पकड घट्ट. इथे सिलिकॉनची पंचाईत होते. सिलिकॉनच्या स्फटिकात शेजारच्या दोन अणूंमधील अंतर सुमारे ०.२४ नॅनोमीटर असते. त्यामुळे दोन-तीन नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात पृष्ठभागावर एका अणूचा उंचवटा आला तरी तो एकूण जाडीच्या मानाने मोठा ठरतो. शिवाय सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील अणूंचे काही बंध अपुरे राहतात आणि वाहक कण तिथे अडखळतात. पातळ करावे तर वाहकता घसरते आणि जाड ठेवावे तर गळती होते, अशी ही कोंडी आहे.

कार्बन नॅनोनलिका या कोंडीतून सुटते, कारण तिला ‘पृष्ठभागावरचे अपुरे बंध’ नसतातच. ग्राफीन म्हणजे षटकोनी जाळीत बसलेल्या कार्बन अणूंचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा, आणि नलिका म्हणजे या पापुद्र्याची गुंडाळी. प्रत्येक अणू शेजारच्या तीन अणूंना जोडलेला असतो आणि कोणाचाही हात रिकामा राहत नाही. भिंत एका अणूची आणि व्यास एक-दोन नॅनोमीटर असूनही ती गुळगुळीत आणि रासायनिकदृष्ट्या स्वस्थ असते. अशा पोकळ कार्बन नळ्यांची छायाचित्रे सोव्हिएत शास्त्रज्ञ रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ सालीच प्रसिद्ध केली होती, पण जगाचे लक्ष गेले ते जपानमधील एनईसी कंपनीच्या सुमिओ ईजिमा यांनी १९९१ मध्ये एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या नलिकांचे वर्णन केल्यावर. इलेक्ट्रॉनिक्सला उपयोगी पडणाऱ्या एका भिंतीच्या नलिका १९९३ मध्ये ईजिमा यांच्या आणि आयबीएमच्या गटांनी वेगवेगळ्या शोधून काढल्या.

नलिकेतून वीज वाहण्याची तऱ्हा तांब्याच्या तारेपेक्षा वेगळी आहे. जाड धातूत इलेक्ट्रॉनला कोणत्याही दिशेने भरकटता येते, आणि स्फटिकाच्या कंपनांवर किंवा दोषांवर आपटून तो थोडाथोडा वळत जातो. नलिका इतकी अरुंद असते की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: पुढे जाणे किंवा उलट फिरणे. थोडेसे वळणे शक्य नसते आणि पूर्ण उलट फिरवण्यासाठी मोठा धक्का लागतो. त्यामुळे विद्युतदाब कमी असताना इलेक्ट्रॉन काही शे नॅनोमीटर, चांगल्या नलिकेत अगदी मायक्रोमीटरपर्यंत, एकदाही न आपटता जाऊ शकतो. तांब्यात हे अंतर सुमारे ४० नॅनोमीटर असते. न आपटता होणाऱ्या या वहनाला बॅलिस्टिक वहन म्हणतात. २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई यांच्या गटाने पॅलेडियम धातूचे जोड वापरून जवळजवळ बॅलिस्टिक ट्रान्झिस्टर करून दाखवला. अशा नलिकेचा विद्युतरोध शून्य मात्र होत नाही. बाहेरच्या जाड धातूतील असंख्य वाटांमधून येणारे इलेक्ट्रॉन नलिकेतल्या मोजक्या वाटांत शिरताना जो अडथळा होतो, तो पुंजयामिकीनुसार टाळता येत नाही, आणि म्हणून एका नलिकेचा किमान रोध सुमारे ६.५ किलोओहम भरतो. हा रोध पदार्थातल्या खोटीमुळे येत नाही, तो वाटांच्या संख्येवरून ठरतो, आणि आकडा मोठा आहे. पुढे एका ट्रान्झिस्टरमध्ये अनेक नलिका शेजारी शेजारी का लागतात, याचे मूळ इथे आहे.

आता सगळ्या अडचणींची जननी. ओळी आखलेल्या कागदाची सुरळी करताना कडा नीट जुळवली तर प्रत्येक ओळ स्वतःलाच मिळून कडे तयार होते. कागद किंचित तिरका गुंडाळला तर ओळी मळसूत्रासारख्या चढत जातात. ग्राफीनचा पापुद्रा असाच अनेक कोनांत आणि अनेक व्यासांत गुंडाळता येतो, आणि प्रत्येक गुंडाळीला दोन पूर्णांकांची एक जोडी नाव म्हणून दिलेली असते. त्या दोन अंकांतील फरकाला ३ ने निःशेष भाग गेला तर नलिका धातूसारखी वागते, न गेला तर ती अर्धवाहक असते. पदार्थ तोच, अणू तेच, फक्त गुंडाळण्याचा कोन बदलला आणि गुणधर्म पार बदलला. हे भाकीत १९९२ मध्ये सिद्धांतातून मांडले गेले, आणि १९९८ मध्ये डेकर यांच्या तसेच हार्वर्ड विद्यापीठातील चार्ल्स लीबर यांच्या गटांनी एकेका नलिकेचे अणू सूक्ष्मदर्शकाने पाहत आणि तिची वाहकता मोजत ते पडताळले. काटेकोर बोलायचे तर भाग जाणाऱ्या नलिकांपैकी काहींत वक्रतेमुळे अगदी किरकोळ ऊर्जाफट, म्हणजे वाहू लागण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, राहते, पण स्विच म्हणून त्याही निरुपयोगीच. अर्धवाहक नलिकेची ऊर्जाफट व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. एक नॅनोमीटर व्यासाला ती साधारण ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. सिलिकॉनची १.१ आहे.

नलिका तयार करताना लोह किंवा कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवरून मिथेनसारखा कार्बनयुक्त वायू कित्येक शे अंश सेल्सिअस तापमानाला सोडतात. कार्बन कणावर जमतो आणि तिथून नलिका वाढू लागते. तिचा व्यास आणि कोन कणाच्या आकारावर अवलंबून असतो, पण त्या तापमानाला कण स्वतःच आकार बदलत असल्याने सगळ्या नलिका एकाच जातीच्या निघत नाहीत. शक्यतांचा हिशेब सरळ आहे: विशेष काही न केल्यास तीनपैकी एक नलिका धातूसारखी निघते, आणि अशी नलिका ट्रान्झिस्टरमध्ये शिरली की गेटने काहीही सांगितले तरी ती प्रवाह सोडतच राहते.

हा आकडा किती भयंकर आहे, ते थोडे गणित करून पाहावे. समजा, प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये १० नलिका आहेत आणि ९९ टक्के नलिका अर्धवाहक आहेत. तरीही साधारण दहात एका ट्रान्झिस्टरमध्ये किमान एक धातुरूप नलिका सापडेल. शुद्धता ९९.९९ टक्क्यांवर नेली तर हे प्रमाण हजारात एकावर येते, जे ऐकायला छान वाटते. पण १०० कोटी ट्रान्झिस्टरांच्या चिपमध्ये हजारात एक म्हणजे १० लाख सदोष ट्रान्झिस्टर.

नलिका वेगळ्या करण्याचे मार्ग कल्पक आहेत. आयबीएमने २००१ मध्ये वापरलेली युक्ती अशी: गेटच्या साहाय्याने अर्धवाहक नलिका बंद करायच्या आणि मग जोराचा प्रवाह सोडायचा. तो फक्त धातुरूप नलिकांतून जातो, त्या तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळून जातात. युक्ती सुंदर आहे, पण नलिका दाटीने बसल्या की जळणाऱ्या नलिकेच्या उष्णतेची झळ शेजारच्या चांगल्या नलिकांनाही लागते. दुसरा मार्ग द्रावणाचा. नलिकांवर साबणासारख्या रसायनांचे आवरण चढवले तर धातुरूप आणि अर्धवाहक नलिकांवर ते वेगवेगळ्या प्रकारे बसते, त्यांच्या घनतेत किंचित फरक पडतो, आणि अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर त्या वेगवेगळ्या थरांत जमतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मायकेल अर्नल्ड आणि मार्क हर्सम यांनी २००६ मध्ये ही पद्धत दाखवली. त्याआधी डीएनएचे धागे नलिकांभोवती गुंडाळूनही अशी निवड करता येते हे दिसले होते, आणि नंतर अर्धवाहक नलिकांनाच पसंतीने चिकटणारी बहुवारिके (पॉलिमर) सापडली. अत्युच्च शुद्धतेच्या कामात ती आज फार उपयोगी पडतात. प्रत्येक मार्गाची किंमतही आहे. द्रावणात घुसळताना नलिका तुटून आखूड होतात, आणि अंगावर राहिलेले रसायन पुढे धातूच्या जोडाच्या आड येते.

गुंडाळीचा हा जुगार अर्धवाहक नॅनोतारांत नाही. सिलिकॉनची भरीव तार कोणत्याही व्यासाची असली तरी ती अर्धवाहकच असते, आणि ती वाढवण्याची रीतही अधिक आज्ञाधारक आहे. बेल प्रयोगशाळेतील वॅग्नर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये ही रीत मांडली. सोने १०६४ अंश सेल्सिअसला आणि सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते, पण योग्य प्रमाणात एकत्र आले तर त्यांचे मिश्रण ३६३ अंशांनाच द्रवरूप होते. तापलेल्या पृष्ठभागावर सोन्याचा कण ठेवून सिलेनसारखा सिलिकॉनयुक्त वायू सोडला की कण सिलिकॉन शोषून थेंब होतो, थेंब सिलिकॉनने अतिसंपृक्त होतो, आणि जास्तीचे सिलिकॉन थेंबाखाली स्फटिक बनून जमू लागते. थेंब वर उचलला जातो आणि त्याच्याखाली तार वाढत राहते. तारेची जाडी थेंबाच्या आकाराने ठरते. वॅग्नर आणि एलिस यांचे काम याहून पुष्कळ जाड तंतूंवर होते. १९९८ मध्ये लीबर यांच्या गटाने लेसरच्या साहाय्याने नॅनोमीटरच्या मापातले थेंब तयार करून हीच रीत अतिसूक्ष्म तारांपर्यंत आणली.

या रीतीचे खरे वैभव म्हणजे वाढ चालू असताना वायू बदलता येतो. सिलिकॉननंतर जर्मेनियम सोडले तर तारेचा पुढचा तुकडा जर्मेनियमचा होतो. परिस्थिती बदलून बाजूने थर चढवला तर गाभा एका पदार्थाचा आणि साल दुसऱ्याची, अशी तार मिळते. वायूत बोरॉनचा अंश मिसळला की पी प्रकारची आणि फॉस्फरसचा मिसळला की एन प्रकारची तार होते. २००१ मध्ये लीबर यांच्या गटाने अशा तारा एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून डायोड, प्रकाश देणारे बिंदू आणि बेरजेचे साधे तर्कमंडलही तयार केले. त्याच वर्षी बर्कले येथे पेइडाँग यांग यांच्या गटाने झिंक ऑक्साइडच्या तारांपासून सामान्य तापमानाला चालणारे अतिनील लेसर मिळवले.

तारांचा आणखी एक उपयोग, माझ्या मते सर्वांत स्वाभाविक उपयोग, संवेदकाचा आहे. जाड चॅनेलच्या पृष्ठभागावर एखादा भारित रेणू येऊन बसला तर त्याचा परिणाम वरच्या थरापुरता राहतो. तार मुळातच इतकी बारीक असते की तो परिणाम तिच्या संपूर्ण छेदावर होतो आणि प्रवाहात मोजण्याइतका फरक पडतो. इथे रेणूच गेटचे काम करतो. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे रेणू तारेवर लावून ठेवले तर तेच प्रथिन आल्यावर संकेत मिळतो. मात्र प्रयोगशाळेतून रक्ताच्या नमुन्याकडे जाताना अडथळा उभा राहतो. रक्तात क्षार भरपूर असतात, त्यांचे आयन कोणत्याही भाराभोवती गोळा होतात, आणि एक नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरातच त्याचा प्रभाव झाकून टाकतात. चिकटवणारा रेणूच कित्येक नॅनोमीटर लांबीचा असल्याने, पकडलेल्या प्रथिनाचा भार तारेला दिसतच नाही. म्हणून नमुन्यातील क्षार कमी करावे लागतात किंवा फार आखूड रेणू वापरावे लागतात.

तारांच्या बाबतीतही खरी कसोटी मांडणीची होती. द्रावणातल्या सुट्या तारा अरुंद खाचेतून वाहत्या प्रवाहाबरोबर सोडल्या की त्या प्रवाहाच्या दिशेने वळून खाली बसतात. दिशा नव्वद अंशांनी बदलून पुन्हा तेच केले की जाळी तयार होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तारांचा थर दाबून एका दिशेला आणणे किंवा विद्युतक्षेत्राने त्यांना दोन अग्रांमध्ये ओढणे असेही मार्ग आहेत. यांतल्या कोणत्याही मार्गाने बहुतेक तारा नीट बसतात. ‘बहुतेक’ हा शब्द चिपच्या कारखान्यात चालत नाही. शिवाय ज्या सोन्याच्या थेंबाने तार वाढते, ते सोने सिलिकॉन कारखान्यात मोठे विघ्न मानले जाते, कारण त्याचे अणू सिलिकॉनमध्ये सहज शिरतात आणि वाहक कणांना अडकवून ठेवतात.

मग तारा कारखान्यात आल्याच नाहीत का? आल्या, पण वेगळ्या वाटेने. सिलिकॉन आणि सिलिकॉन-जर्मेनियम यांचे एकाआड एक थर वेफरवर, म्हणजे ज्या चकतीवर चिप तयार होतात तिच्यावर, चढवायचे, प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या नेहमीच्या छपाईने त्यांतून अरुंद पट्ट्या कोरायच्या आणि मग रसायनाने फक्त सिलिकॉन-जर्मेनियम खाऊन टाकायचे. मागे सिलिकॉनच्या अधांतरी पट्ट्या राहतात, आणि त्यांच्या चारही बाजूंनी गेट गुंडाळता येते. गेटने चॅनेलला सर्व बाजूंनी वेढावे, ही नॅनोतारेमागची मूळ कल्पनाच होती. सॅमसंगने २०२२ मध्ये ‘३ नॅनोमीटर’ या नावाच्या पिढीत अशा ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केले. हे ३ नॅनोमीटर म्हणजे चिपमधल्या कोणत्याही भागाचे माप नव्हे, ते पिढीचे व्यापारी नाव आहे. या बाबतीत पुष्कळ गैरसमज आढळतो. गोल तारेतून प्रवाह कमी मिळतो म्हणून या पट्ट्या रुंद आणि चपट्या ठेवल्या जातात. थेंबाखाली वाढवलेली तार कारखान्याबाहेर राहिली, कोरून काढलेली आत गेली. मांडणीचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही, कारण कोरलेली पट्टी जिथे हवी तिथेच जन्माला येते.

कार्बन नलिकांना ही पळवाट नाही, कारण त्या कोरून काढता येत नाहीत. त्यांना शिस्तीत बसवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. क्वार्ट्झच्या विशिष्ट दिशेने कापलेल्या स्फटिकावर वाढवल्या तर त्या स्फटिकाच्या रेषेत सरळ वाढतात आणि मग तिथून उचलून दुसऱ्या वेफरवर ठेवता येतात; पण तेव्हा शुद्धतेची निवड आधी करता येत नाही. द्रावणातून शुद्ध केलेल्या नलिका पृष्ठभागावर बसवल्या तर शुद्धता मिळते, पण शिस्त कठीण होते. किती दाट बसवाव्यात, यालाही दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. एका नलिकेतून साधारण २०-२५ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह मिळत नाही, म्हणून सिलिकॉनशी स्पर्धा करायची तर एका मायक्रोमीटर रुंदीत शंभराहून अधिक नलिका लागतात. पण त्या एकमेकींच्या फार जवळ आल्या तर गेटचे विद्युतक्षेत्र आपसांत अडवतात, आणि दोन नलिका चिकटून जुडी झाली तर पकड आणखी ढिली होते. बीजिंगमधील पेकिंग विद्यापीठात लियानमाओ पेंग यांच्या गटाने २०२० मध्ये ९९.९९९९ टक्के शुद्धतेच्या, मायक्रोमीटरमागे शंभर ते दोनशे नलिकांच्या समांतर रांगा वेफरवर बसवल्याचे दाखवले. या क्षेत्रातील हा फार महत्त्वाचा टप्पा आहे, कारण शुद्धता आणि दाटी या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या.

पी आणि एन प्रकारांचा प्रश्नही नलिकांत निराळा आहे. सिलिकॉनमध्ये काही अणूंच्या जागी बोरॉन किंवा फॉस्फरस बसवून प्रकार ठरवतात. नलिकेत एका अणूची अदलाबदल केली तर जिच्यासाठी ती निवडली, ती निर्दोष भिंतच बिघडते. त्यामुळे प्रकार बाहेरून ठरवावा लागतो. पॅलेडियमच्या जोडातून विवरे सहज आत शिरतात, तर स्कँडियमसारख्या धातूच्या जोडातून इलेक्ट्रॉन. नलिकेवर चढवलेल्या ऑक्साइडच्या थरातील स्थिर भारही मदत करतो. उघड्या हवेत ठेवलेली नलिका ऑक्सिजनमुळे बहुधा आपोआप पी प्रकारची वागते, त्यामुळे सुरुवातीची वर्षे एन प्रकार टिकवण्यातच गेली.

आणि मग जोड. ट्रान्झिस्टर लहान करायचा तर नलिकेवर टेकलेला धातूही आखूड करावा लागतो, आणि आखूड जोडातून इलेक्ट्रॉन आत जाण्याला वाव कमी राहिल्याने रोध झपाट्याने वाढतो. आयबीएमने २०१५ मध्ये मॉलिब्डेनम धातू नलिकेच्या कापलेल्या टोकाशीच रासायनिकरीत्या जोडला. तिथे कार्बाइड तयार होते आणि जोडाची लांबी कमी केली तरी रोध वाढत नाही. त्यासाठी ८५० अंश सेल्सिअस तापमान लागले, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, नलिकांचा एक मोठा फायदा तापमान कमी ठेवण्यातच आहे.

पदार्थ पूर्ण निर्दोष होण्याची वाट पाहत बसण्याऐवजी मंडलाची रचनाच दोष पचवणारी करावी, हा विचार मला या सगळ्या वाटचालीत सर्वांत फलदायी वाटतो. त्याचे एक जुने उदाहरण नलिकांबाहेरचे आहे: एचपी कंपनीच्या तेरामॅक या प्रायोगिक संगणकात सुमारे २,२०,००० दोष होते, तरी ते आधी शोधून त्यांना वळसा घालणाऱ्या वाटा आखल्याने तो उत्तम चालत असे. स्टॅनफर्डमध्ये सुभाशीष मित्रा आणि फिलिप वाँग यांच्या गटाने हाच दृष्टिकोन नलिकांना लावला. एखादी नलिका वाकडी बसली तरी तिच्यामुळे चुकीची जोडणी होऊ नये, अशा बेताने चिपवरचे काही भाग कोरून टाकायचे, आणि धातुरूप नलिका प्रवाहाने जाळायच्या. या दोन उपायांच्या बळावर २०१३ मध्ये त्यांनी १७८ ट्रान्झिस्टरांचा, एका वेळी एकाच बिटवर काम करणारा संगणक चालवून दाखवला. तो मोजणी करू शकत होता आणि संख्या क्रमाने लावू शकत होता.

त्याच गटातून पुढे एमआयटीत गेलेले मॅक्स शुलाकर यांनी २०१९ मध्ये १४,००० हून अधिक नलिका-ट्रान्झिस्टरांचा, १६ बिटांचा प्रोसेसर सहकाऱ्यांसह सादर केला. त्यामागची एक कल्पना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. धातुरूप नलिका शिरल्याने एखादे तर्कद्वार, म्हणजे तर्कमंडलाचा लहानात लहान घटक, लगेच निकामी होत नाही, त्याच्या संकेताची स्पष्टता कमी होते. आणि कमी झालेली स्पष्टता पुढचे द्वार पेलू शकते की नाही, हे ती दोन द्वारे कोणत्या प्रकारची आहेत यावर अवलंबून असते. म्हणून ज्या जोड्या दोष पेलू शकतात त्यांचाच वापर करून त्यांनी मंडल रचले. पूर्वीच्या हिशेबाने ९९.९९९९९९ टक्के शुद्धता हवी होती. या युक्तीने ९९.९९ टक्क्यांवर भागले, आणि तेवढी शुद्धता तेव्हाही विकत मिळत होती. रसायनशास्त्राकडून मागायचे चार दशांश असे मंडलशास्त्राने माफ केले.

जिथे शिस्तीची गरजच नाही, तिथे नलिका आणि तारा आधीच वापरात आहेत. चांदीच्या नॅनोतारांचे विस्कळीत जाळे पारदर्शक राहूनही वीज वाहते आणि वाकवले तरी तुटत नाही, म्हणून स्पर्शपटलांत ते वापरले जाते. विस्कळीत नलिकांच्या जाळ्यातही एक मजेदार गणित आहे. नलिका बेताच्या संख्येने पसरल्या तर सगळ्या मिळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट तयार होते, पण त्यांतल्या एकतृतीयांश धातुरूप नलिका एकट्याने अशी सलग वाट करू शकत नाहीत. त्यामुळे न निवडलेले मिश्रणही एकंदरीत अर्धवाहकासारखे वागते. जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००८ मध्ये या तत्त्वावर, जाळ्याचे अरुंद पट्टे कापून धातुरूप वाटा आणखी तोडत, लवचिक प्लास्टिकवर जवळपास शंभर ट्रान्झिस्टरांची मंडले केली. ती सिलिकॉनच्या मानाने मंद होती, पण सिलिकॉनचे वेफर वाकत नाहीत.

प्रोसेसरच्या दृष्टीने नलिकांचा सर्वांत पक्का दावा वेगापेक्षा उंचीवर आहे. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर तयार करताना सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान न्यावे लागते, आणि आधीच तयार असलेल्या मंडलावर दुसरा मजला चढवताना एवढी उष्णता दिली तर खालच्या धातूच्या जोडण्या बिघडतात. नलिका मात्र वेगळीकडे, हव्या त्या तापमानाला वाढवून आणि शुद्ध करून, मग सामान्य तापमानाला वेफरवर बसवता येतात, आणि बाकीची कामे ४०० अंशांच्या आत उरकतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या मंडलावर नलिका-ट्रान्झिस्टर आणि स्मृतिपेशी यांचे मजले चढवून वायू ओळखणारी चिप तयार केली. तीत २० लाखांहून अधिक नलिका-ट्रान्झिस्टर आणि १० लाखांहून अधिक स्मृतिपेशी होत्या. मोजलेली माहिती साठवायला आणि तपासायला दुसऱ्या चिपकडे न्यावी लागत नाही, मजल्यांमधल्या दाट उभ्या जोडण्यांतून ती थेट खाली उतरते.

२०२० मध्ये नलिका-ट्रान्झिस्टर तयार करण्याचे काम प्रयोगशाळेबाहेर, ॲनालॉग डिव्हायसेस आणि स्कायवॉटर या कंपन्यांच्या चालू सिलिकॉन कारखान्यांत २०० मिलिमीटर वेफरवर करून दाखवण्यात आले. तिथे पोहोचण्यासाठी आधी दोन अगदी व्यावहारिक गोष्टी सोडवाव्या लागल्या. नलिका वाढवताना वापरलेल्या उत्प्रेरक धातूंचे द्रावणात राहिलेले अंश इतके कमी करावे लागले की कारखान्याने ते द्रावण आपल्या यंत्रांजवळ येऊ द्यावे. आणि वेफर द्रावणात बुडवून नलिका बसण्याची वाट पाहण्यात ४८ तास जात, ते कारखान्याला परवडणारे नव्हते. वेफर मधूनमधून द्रावणातून काढून सुकवला तर नलिका बसण्याचा वेग हजारपटीहून अधिक वाढतो असे आढळले, आणि ते काम १५० सेकंदांवर आले.